पठारावरच्या आडव्या वाऱ्यात सायकल कशी सांभाळावी

पावसाळ्यात साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे सायकलने जाणाऱ्याला समोरचा वारा दमवतो, परंतु पाडतो तो आडवा वारा, आणि तोही बहुधा अचानक सुरू होताना किंवा थांबताना.

निघण्यापूर्वी हवामानाच्या अंदाजात वाऱ्याच्या सरासरी वेगापेक्षा झोतांचा वेग आणि दिशा पाहावी. झोत ताशी ५० किलोमीटरच्या पुढे असतील, तर माझ्या मते त्या दिवशी पठार टाळलेलेच बरे. वारा पश्चिमेचा असेल, तर जाताना तो समोरून आणि उजवीकडून लागतो, परतताना मागून आणि डावीकडून. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्यामुळे डावीकडचा झोत आपल्याला थेट रहदारीत ढकलतो. म्हणून परतीची वाट उताराची असली तरी ती सोपी समजू नये.

सामान कॅरिअरवर घट्ट बांधावे आणि पुढची टोपली रिकामी ठेवावी. सैल पोंचोचे वाऱ्यात शीड होते, तेव्हा अंगाबरोबर बसणारा रेनकोट घालावा.

मोकळ्या पठारावर पोहोचण्याआधीच हलका गिअर टाकावा, धड खाली झुकवावे आणि कोपर सैल सोडावेत, कारण हँडल आवळून धरले की अंगाला बसलेला प्रत्येक हेलकावा पुढच्या चाकात उतरतो. झोत आल्यावर हँडल झटक्याने न वळवता सायकल वाऱ्याच्या बाजूला किंचित कलती करावी आणि पाय फिरते ठेवावेत. उतारावर वेग आधीच कमी करावा. ओल्या रस्त्यावर ऐन झोतात ब्रेक दाबणे धोक्याचे असते. समोरच्या वाऱ्याशी मात्र झगडू नये. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात २० च्या वेगाने जाणाऱ्याला ५० किलोमीटरची हवा लागते, आणि हवेचा विरोध त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

सर्वांत जपायचे ते उजवीकडून वारा असताना एखादी एसटी ओलांडून जाते तेव्हा. तिच्या आडोशाने वारा क्षणभर तुटतो, उजवीकडे कललेली सायकल तिच्याकडे ओढली जाते, आणि ती पुढे सरकताच झोत परत आदळतो. समोरच्या वाऱ्यात मागचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून हँडलला उजवीकडे आरसा लावावा आणि गाडी दिसताच कल कमी करून वेग उतरवावा. डावीकडे सुमारे मीटरभर जागा मोकळी असेल, तर चूक सावरता येते.

तोल दोनदा गेला की उतरून चालावे. चालताना सायकल वाऱ्याच्या बाजूला धरावी, म्हणजे ती आपल्या अंगावर रेलते आणि हातातून निसटत नाही.