स्लिपर क्लच उघडताय? आधी थर मोजा

मागच्या खेपेला बाइकच्या स्लिपर क्लचमध्ये (गिअर खाली टाकल्यावर मागचं चाक अडखळू नये म्हणून थोडा घसरणारा क्लच) नवा प्लेट सेट टाकला, सगळं नीट बसवलं, आणि पहिल्याच चढाला इंजिन ओरडतंय पण गाडी काही पुढे सरकत नाही. जुन्या प्लेटांचा थर, म्हणजे एकावर एक रचल्यावर भरणारी उंची, मोजला नव्हता, आणि त्या प्लेटा तोवर भंगारात गेल्या होत्या. म्हणून ही यादी. यातलं दुसरं काही राहिलं तर निभावेल, थर मोजायचा राहिला तर सगळं परत उघडावं लागेल.

निवडीचं आधी. यामाहाच्या आर१५ व्ही३ला २०१८ पासून कंपनीचाच स्लिपर आहे, कावासाकीच्या निन्जा ३००लाही आहे. अशी गाडी असेल तर बाहेरच्या महागड्या किटच्या भानगडीत पडू नका. नसेल तर आधी गरज आहे का ते पाहा. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताच मागचं चाक उड्या मारतं, ताम्हिणी घाट उतरताना ओल्या वळणावर मागची बाजू सरकते, ट्रॅकवर जायचा बेत आहे, तर घ्या. ऑफिसला जाण्यायेण्यासाठी नको. किट घेताना त्याच्या प्लेटा, स्प्रिंगा सुट्या मिळतात का ते आधी विचारा. मिळत नसतील तर विषय संपला.

आत काय चालतं ते माहीत असू द्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. हब (प्लेटा ज्यावर बसतात तो आतला भाग) आणि प्रेशर प्लेट (प्लेटा दाबून धरणारी तबकडी) यांच्यात तिरके रॅम्प असतात. गिअर खाली टाकल्यावर चाक इंजिनला फिरवू लागलं की रॅम्प एकमेकांवर चढतात, प्रेशर प्लेट किंचित उचलली जाते आणि प्लेटा थोड्या घसरतात. ‘असिस्ट’वाल्या क्लचमध्ये उलट बाजूचे रॅम्प पिकअप देताना प्लेटा आवळून धरतात, म्हणून स्प्रिंगा मऊ ठेवता येतात आणि लिव्हर हलका लागतो. आणि हो, स्लिपर आहे म्हणून सहाव्यातून धडाधड पहिल्यात टाकू नका. घसरण्यालाही मर्यादा असते, इंजिनचे फेरे लाल रेषेपलीकडे जातातच. वॉल्व्ह वाकले की किटपेक्षा मोठं बिल येतं.

आता थर. फ्रिक्शन प्लेटा आणि स्टील प्लेटा ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने एकावर एक ठेवा, हाताने दाबा, व्हर्निअरने तीन-चार ठिकाणी उंची मोजा आणि लिहून ठेवा. मग नवा सेट तसाच मोजा. जुना झिजलेला असतो, म्हणून नवा त्याहून थोडा जाडच भरायला हवा. नवाच पातळ भरला तर सेट चुकीचा आहे. दुकानदार कितीही म्हणो ‘सेम टू सेम आहे साहेब’. थर पातळ झाला की स्प्रिंगांचा दाब कमी पडतो आणि ताकद लावताच क्लच घसरतो. जास्त जाड झाला तर लिव्हर जड होतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि रॅम्पचं गणितही बिघडतं. साध्या क्लचमध्ये थोडा फरक खपून जातो, इथे नाही. मोठ्या स्पोर्ट बाइकच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये थराची एकूण जाडी दिलेली असते आणि ती जुळवायला वेगवेगळ्या जाडीच्या स्टील प्लेटा मिळतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच खरा. जुन्या प्लेटा नवा क्लच चालेपर्यंत फेकू नका. मेकॅनिकला दिल्या असतील तर परत मागा.

उघडण्याआधी क्लच कव्हरचं गॅस्केट हातात हवं. फाटलंच तर सिलिकॉन थापायचा मोह होतो, त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात. फोटो काढत चला, विशेषतः सगळ्यात आतल्या प्लेटचे. काही गाड्यांत तिथे वेगळी, अरुंद फ्रिक्शन प्लेट आणि बशीसारखी वाकलेली स्प्रिंग असते. ती उलटी बसली तर क्लच थरथरतो.

स्टील प्लेट काचेवर ठेवा, खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, वाकलेली दिसली तर बदला. निळी पडलेलीही बदला. बास्केटच्या (प्लेटांभोवतीच्या बाहेरच्या वाटीच्या) बोटांवर पायऱ्या पडल्यात का, रॅम्पच्या कडा खाल्ल्यात का, बघा. रॅम्प खाल्लेले असतील तर नव्या प्लेटांचे पैसे पाण्यात. स्प्रिंगा बदलायच्या तर सगळ्या एकदम. फ्रिक्शन प्लेटा आदल्या रात्री इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

आणि थर? मोजलात ना? बसवण्याआधी परत एकदा मोजा.

ऑइलच्या डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं. एमबी स्कूटरसाठी, ते नको. कारमध्ये घालून उरलेलं ऑइल तर मुळीच नको. स्प्रिंगचे बोल्ट छोटे, ॲल्युमिनिअमच्या पोस्टमध्ये जातात, जोर लावलात की पोस्टच तुटतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना), मॅन्युअलचा आकडा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने. लिव्हरला फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची थोडी मोकळी चाल, ठेवा. मऊ स्प्रिंगांच्या क्लचमध्ये केबल ताणलेली असली की क्लच घसरणारच, मग लोक प्लेटांना दोष देतात. पहिले काही दिवस हळू चालवा. फ्री प्ले परत तपासा. ऑइलची पातळीही.

बाकी मॅन्युअलमध्ये आहे. थराचा आकडा त्याच्याच मागच्या पानावर लिहून ठेवा.