फ्रीलान्स कामासाठी प्रस्ताव पाठवताना या चुका टाळा

अपवर्क या फ्रीलान्स कामे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर प्रस्ताव पाठवायचा तर कनेक्ट्स, म्हणजे अर्जासाठी लागणारी तिथली टोकन, मोजावे लागतात, आणि काम दुसऱ्याला मिळाले म्हणून ते परत येत नाहीत. असे असूनही नवखी मंडळी एकच मजकूर दिसेल त्या जाहिरातीला चिकटवत सुटतात आणि महिनाभराने ‘इथे काम मिळतच नाही’ म्हणून हात टेकतात. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो आणि सुरुवातीला मीही तेच करत होतो, त्यामुळे पुढचे दाखले या कामातलेच आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक पहिल्या दोन ओळींत होते. आलेल्या प्रस्तावांची यादी क्लायंट पाहतो, तेव्हा प्रत्येकाचा सुरुवातीचा थोडासाच मजकूर त्याला दिसतो आणि कोणता प्रस्ताव उघडायचा हे तो बहुधा तेवढ्यावरूनच ठरवतो. तिथे आपण ‘आदरणीय महोदय, मला या क्षेत्रातील पाच वर्षांचा अनुभव आहे’ असे लिहिले, तर वरच्या आणि खालच्या उमेदवारानेही तेच लिहिलेले असते. पदवी आणि अनुभव प्रोफाइलवर असतातच. ही जागा त्याच्या कामाविषयी बोलण्याची आहे. एका पर्यटनविषयक अ‍ॅपच्या जाहिरातीला जोडलेल्या चित्रात ‘सह्याद्रीतील खोल दर्या’ असे शब्द मला दिसले. मी नमस्कारानंतर थेट लिहिले की, तुमच्या अ‍ॅपमध्ये डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला आहे, टंकताना ‘ऱ’ऐवजी ‘र’ वापरल्याने हे होते आणि अशी चूक इतरत्रही असण्याची शक्यता आहे. मराठी न जाणणाऱ्या त्या क्लायंटचे उत्तर त्याच संध्याकाळी आले. माझी पदवी त्याने शेवटपर्यंत विचारली नाही.

उत्तर येत नसेल, तर घोडे कुठे अडते आहे हे आधी पाहावे. कोणीच उत्तर देत नसेल, तर दोष बहुधा सुरुवातीच्या ओळींत किंवा कामाच्या निवडीत असतो. बोलणे सुरू होऊन दराशी थांबत असेल, तर केवळ आकडा खाली आणून उपयोग होत नाही. त्या रकमेत किती शब्द, किती दिवस आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या धरल्या आहेत, हे स्पष्ट लिहिल्यावर तोच दर पटू शकतो. अगदीच कमी दर लावणाऱ्याविषयी अनुभवी क्लायंटला उलट शंका येते, कारण मशीनने केलेले भाषांतर त्याला फुकटातही मिळते.

नमुने जोडताना आपण अतिउत्साह दाखवतो. पाककृतींच्या भाषांतरासाठी अर्ज करताना न्यायालयीन कागदपत्रांसह बारा फायली पाठवण्यापेक्षा पाककृतीचाच एक नमुना मूळ मजकुरासह द्यावा. तसा नसेल, तर जाहिरातीतल्याच दोन-तीन वाक्यांचे भाषांतर करून दाखवावे. मात्र ‘चाचणी’ म्हणून कोणी हजार-दोन हजार शब्द फुकट मागितले, तर नम्रपणे नकार द्यावा. ते बहुधा त्याचे खरे कामच असते.

पैशांच्या बाबतीत भिडस्तपणा नको. अपवर्कवर ठरावीक रकमेच्या करारात टप्प्याची रक्कम आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे काम मान्य होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, जमा होते आणि ती जमा झालेली दिसेपर्यंत कामाला हात लावू नये. करार होण्यापूर्वी ‘टेलिग्रामवर या’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये, कारण ते अपवर्कच्या नियमांत बसत नाहीच, शिवाय पुढे पैसे बुडाले तर दाद मागायला जागा उरत नाही. काम देण्यासाठी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा तर सरळसरळ फसवत असतो.

जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. ‘प्रस्तावाची सुरुवात निळा या शब्दाने करा’ अशी एखादी सूचना काही जण मुद्दाम तळाशी लिहून ठेवतात आणि तो शब्द नसलेले अर्ज न वाचताच बाजूला काढतात. एकदा मी एका अर्जावर तासभर घालवला, पाठवला आणि मग ती ओळ वाचली.