घरी सॉफ्ट प्लास्टिक ल्यूर कसे बनवायचे: आधी प्लास्टिक नीट शिजवा

ल्यूर म्हणजे मासा फसवायला गळाला लावायचं नकली आमिष, आणि पॅडल टेल म्हणजे वल्ह्यासारखी चपटी शेपटी असलेला ल्यूर. चार-पाच फेकी झाल्या की पॅडल टेलची शेपटी तुटून पडते, अंगाला खड्डे पडलेले असतात, पोटात बुडबुडे दिसतात. मग कोणीतरी सांगतं मोल्ड (साचा) बदल, दुसरा सांगतो प्लास्टिक मऊ करायचा सॉफ्टनर वाढव. मी दोघांचंही ऐकलं, पैसेही घातले आणि तुटकेच ल्यूर घेऊन मुंबईत बँडस्टँडच्या खडकांवर उभा राहिलो. नंतर कळलं की यातल्या बहुतेक तक्रारी एकाच ठिकाणाहून येतात, ते म्हणजे प्लास्टिक तापवणं. म्हणून या लेखात बाकी सगळं मी पटापट सांगणार आहे आणि तापवण्यापाशी थांबणार आहे, तिथे तुम्ही पण थांबून वाचा.

सामान

प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसीची अगदी बारीक पावडर प्लास्टिसायझरच्या, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या, तेलात मिसळलेली, दिसायला दाट दुधासारखी. घेताना ल्यूरसाठी बनवलेलंच घ्या, कारण पकडीच्या हँडलवरचा रबरासारखा थर पण प्लास्टिसोलचाच असतो आणि टीशर्ट छापायची शाई पण, त्यामुळे मस्जिद बंदरला जाऊन नुसतं 'प्लास्टिसोल द्या' म्हणालात तर भलतंच काहीतरी हातात पडेल, शेपटी हलणारच नाही असं कडक. सोबत हीट स्टॅबिलायझर (तापताना प्लास्टिक जळू नये म्हणून), रंग, ग्लिटर, ॲल्युमिनियमचा इंजेक्टर (प्लास्टिक मोल्डमध्ये ढकलायची पिचकारी, 60 मिलीचा पुरतो, मोठा घ्यायची घाई नको), जाड बोरोसिलिकेट काचेचे दोन मापाचे कप, हे प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळतात. मोल्ड आवळायचे क्लॅम्प नागदेवी स्ट्रीटला. एक जुना मायक्रोवेव्ह, जो या कामाला लागला की परत कधीही स्वयंपाकघरात जाणार नाही. कप आणि चमचे पण तसेच, त्यांच्यावर मार्करने खूण करून ठेवा, घरात लहान मुलं असतील तर कुलपात ठेवा.

आणि थर्मामीटर. यावर काटकसर करायची असेल तर हे काम करूच नका, विकतचे ल्यूर घ्या.

मोल्ड ॲल्युमिनियमचा असेल तर काहीच कटकट नाही. साकीनाका, वसईच्या गाळ्यांमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, करून देणारे आहेत, पण डिझाइनची फाइल तुमच्याकडे तयार हवी आणि हवा बाहेर जायच्या बारीक वाटा त्यात आधीच काढलेल्या हव्यात. पीओपीचा मोल्ड घरी होतो, ल्यूर अर्धा बुडवून एक बाजू, मग दुसरी, वर इपॉक्सीचा हात. पण तो मार्च-एप्रिलच्या उन्हात करा. जूननंतर मुंबईत पीओपी वरून कोरडं दिसतं आणि आतून ओलंच राहतं, आणि 170 डिग्रीचं प्लास्टिक ओल्यावर पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती प्लास्टिकला उडवूनच बाहेर येते.

जागा आणि कपडे

गच्ची किंवा मोठी उघडी गॅलरी. बंद किचनमध्ये एक्झॉस्ट लावून चालतं असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. पीव्हीसी जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, नाकात आणि घशात झोंबतो, आणि कापडी मास्क किंवा एन-95 तो अडवत नाही कारण ते धुळीसाठी आहेत. ॲसिड गॅस आणि ऑरगॅनिक व्हेपर दोन्हीसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे हातमोजे, चष्मा, बंद बूट. हे प्लास्टिक कातडीवर पडलं की चिकटतं आणि चिकटून भाजत राहतं. पडलंच तर ओढून काढायचं नाही, त्याच्यासकट वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरायचं आणि डॉक्टरकडे जायचं. म्हणून पाणी जवळ हवं, पण कपाजवळ नको. माझी बादली गच्चीच्या दाराशी असते आणि ओतायचं टेबल दुसऱ्या टोकाला.

आता तापवणं

आधी कॅन हलवा. पावडर तळाला बसलेली असते, कधीकधी इतकी घट्ट की काठीने खरवडावी लागते. वरचं वरचं ओतून घेतलं तर तुमच्या कपात नुसतं तेल जास्त येतं आणि डब्यात उरलेलं दर वेळी आणखी कडक होत जातं. मी पाच मिनिटं हलवतो, हलवल्यावर दहा मिनिटं ठेवून देतो म्हणजे हवा वर येते. मग 500 मिलीच्या कपात 150 मिली, त्याहून जास्त नाही, आणि त्यात हीट स्टॅबिलायझरचे थेंब.

माझ्या 800 वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये पहिला एक मिनिट देतो, काढून हलवतो, मग 30 सेकंद, हलवा, 30 सेकंद, हलवा, शेवटी शेवटी 15-15 सेकंद. तुमच्या मशीनचा आकडा वेगळा निघेल, त्यामुळे माझे सेकंद पाठ करू नका, कप बघा. सुरुवातीला दूध असतं. मग कडेने गुठळ्या धरतात, साबुदाण्याच्या खिरीसारखं दिसतं, आणि चमचा जड होतो. इथे नवीन माणूस घाबरतो, त्याला वाटतं बिघडलं. बिघडलेलं नाही, पावडर तेल पिऊन फुगते आहे, पुढे तापवा. हळूहळू ते परत पातळ व्हायला लागतं.

आणि मी दोन वर्षं जिथे चुकत होतो ती जागा हीच. गुठळ्या विरघळल्या, प्लास्टिक चमच्यावरून धारेने पडायला लागलं की मला वाटायचं झालं, कारण इंजेक्टरमध्ये तर ते मस्त खेचलं जायचं, मोल्डमधून ल्यूर पण छान बाहेर यायचा. थर्मामीटर 145-150 दाखवत असायचा. वरून मला कोणीतरी सांगितलेलं होतं की जितकं कमी तापवशील तितका धूर कमी, म्हणून मी खूशच होतो. मढच्या खाडीत नेल्यावर जिग हेडवर (वजन लावलेल्या गळावर) चढवतानाच शेपटीच्या मानेपाशी चीर जायची. मग सॉफ्टनर घातला, तर आणखी लिबलिबीत होऊन आणखी लवकर तुटायला लागलं.

आई मूळची नाशिकची, दर उन्हाळ्यात कुरडया घालते. मी असाच एक ल्यूर हातात घेऊन ताणत बसलो होतो, तिने बघितलं, तिच्यासमोरच तो तटकन तुटला. ती म्हणाली, "अरे, चीक कच्चा राहिला की कुरडई अशीच मोडते. वरून शिजल्यासारखा दिसतो, पण पांढरट असेपर्यंत तो शिजलेला नसतो. काचेसारखा झाला पाहिजे." मी तो तुटका तुकडा उजेडाकडे धरला. आतून धुरकट होता, दुधाची झाक राहिलेली होती. बिनरंगी प्लास्टिक होतं, ते आरपार दिसायला हवं होतं.

तर ते असं आहे. पातळ होणं ही पहिली पायरी, आरपार स्वच्छ होणं ही दुसरी, आणि मधल्या 20-25 डिग्रीमध्ये पावडरचे कण तेलासकट एकमेकांत पूर्ण मिसळून एकजीव होतात. हे झालं नाही तर ल्यूर म्हणजे नुसते चिकटलेले कण. एकदा तरी कपातलं सगळं प्लास्टिक 175 डिग्रीपर्यंत गेलंच पाहिजे. सगळं म्हणजे सगळं, कारण मायक्रोवेव्ह सारखं तापवत नाही, मध्ये 180 असतं तेव्हा कडेला 150 असू शकतं. आणि बंदुकीसारखा तो इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो, आणि कप बाहेर काढल्याबरोबर तो पृष्ठभाग गार व्हायला लागतो. म्हणून आधी तळापासून हलवायचं, मग मापायचं, परत हलवायचं, परत मापायचं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच विश्वास ठेवा. काडीसारखा आत बुडवायचा थर्मामीटर असेल तर उत्तम, फक्त तो कोरडा असू द्या.

रंग टाकायच्या आधी शिजवा हे माझं ठाम मत आहे, निदान पहिले दहा-बारा घाणे तरी. रंग असला की स्वच्छ झालंय की धुरकट आहे ते कळतच नाही. पॅकेटवर काही लिहिलेलं असो, आधी बिनरंगी कप काचेसारखा होताना डोळ्यांनी बघा, चमच्यावरून पडणारी धार मधासारखी चमकली पाहिजे, मग रंगाचे थेंब आणि सगळ्यात शेवटी ग्लिटर.

वरच्या बाजूची पण मर्यादा आहे. 190 च्या पुढे नेऊ नका, कडेने पिवळट रेघ दिसली की लगेच थांबा. झोंबणारा वास आला तर कप टेबलावर ठेवून वारा जिकडून येतोय त्या बाजूला सरका, झाकायला किंवा फुंकायला जवळ जाऊ नका. पिवळं झालेलं परत स्वच्छ होत नाही.

स्वच्छ झाल्यावर कप एक-दीड मिनिट नुसता ठेवा. बुडबुडे वर येतात. हलवताना चमचा गोल फिरवा, अंडं फेटल्यासारखा नाही, कारण फेटलेली हवा मग ल्यूरच्या पोटात जाते. मीठ घालून वजन वाढवणार असाल तर बारीक मीठ तव्यावर कोरडं भाजून, गार करून घ्या (तवा पण याच कामाचा वेगळा). आपल्याकडचं पावसाळ्यातलं मीठ म्हणजे ओलच, कप फसफसून वर येतो. मी स्वतः मीठ घालणं सोडलं, शेपटी कमजोर होते आणि इंजेक्टर आतून घासला जातो.

मोल्ड भरणं

मोल्ड कोमट करून घ्या, हीट गनने दोन मिनिटं. एसीच्या खोलीतून गच्चीवर आणलेल्या मोल्डला घाम फुटलेला असतो, बोट फिरवून बघा. इंजेक्टर पण गरम हवा, त्यासाठी पहिलं भरलेलं प्लास्टिक सावकाश परत कपातच सोडायचं, मग खरा डोस घ्यायचा. तोंड पृष्ठभागाच्या खाली बुडवून खेचा, वर साय धरते ती आत येता कामा नये. ओतताना 165-170 असू दे. 155 च्या खाली आलं तर जबरदस्तीने ढकलू नका, परत 15 सेकंद तापवा.

दांडा एका लयीत दाबायचा, मध्ये थांबायचं नाही. हवेच्या वाटेतून प्लास्टिक वर दिसलं की दाब तसाच 10 सेकंद धरून ठेवा, कारण प्लास्टिक गार होताना आकसतं आणि त्याला वरून आणखी माल लागतो. मग इंजेक्टर हलकेच पिळून उचला आणि भोकावर छोटा ढीग सोडा. तो ढीग हळूहळू आत ओढला जाताना दिसतो. ढीग सोडला नाही की डोक्याला खड्डा पडलाच. यासाठी मोल्ड बदलायची गरज नसते.

पाच मिनिटांनी उघडा. जाड ल्यूर असेल तर आठ. बाहेर आल्यावर शेपट्या सरळ ठेवून सपाट ताटात पसरा, या वेळी वाकडी राहिलेली शेपटी कायमची वाकडी राहते. दुसऱ्या दिवसापर्यंत ताणून बघू नका. काठाला आलेलं जास्तीचं प्लास्टिक कात्रीने कापा.

रंग आणि साठवण

ठाणे, वसईच्या खाडीचं पाणी गढूळ, तिथे जिताडा माशाला मी एकतर पांढरा नाहीतर काळा देतो, तिसरा रंग फार कमी वेळा. पाणी निवळलं की धुरकट आरपार रंग आणि थोडी चंदेरी ग्लिटर, बोई माशाच्या पिल्लासारखं.

पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डब्यात ल्यूर ठेवू नका, प्लास्टिसायझर डब्यालाच विरघळवतो, माझा एक अख्खा डबा चिकट लगदा झाला होता. झिपवाल्या पॉलिथिनच्या पिशव्या, प्रत्येक रंगाची वेगळी, कारण लाल शेजारी पांढरा ठेवला की आठवड्यात तो गुलाबी होतो.

तुटलेले ल्यूर खडकावर किंवा पाण्यात टाकून येऊ नका, मासे गिळतात आणि ते पोटात पचत नाही. खिशात घालून घरी आणा, मिठाच्या पाण्याने धुवायचं नाही, गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस पूर्ण वाळवा, बारीक कापा आणि परत वितळवा. स्टॅबिलायझरचे चार थेंब जास्त लागतात, आणि दर वेळी थोडं पिवळं पडतंच, म्हणून दुसऱ्यांदा वितळवलेल्या सगळ्यात मी काळा रंग टाकतो. फक्त विकतचे ल्यूर त्यात मिसळू नका, काही कंपन्यांचं प्लास्टिक वेगळ्याच जातीचं असतं, ते यात मिळून येत नाही आणि अख्खा कप गुठळ्यांचा होतो.