गाडी गॅरेजला टाकताय? जुने पार्ट परत मागा

गाडी सोडतानाच सांगायचं की बदललेले जुने पार्ट मला परत हवेत, आणि हे तोंडी न ठेवता जॉबकार्डवर (गॅरेजवाला गाडीचं काम लिहून घेतो तो कागद) लिहून घ्यायचं, कारण संध्याकाळी बिल हातात आल्यावर मागितलं तर "ते भंगारात गेलं साहेब" हेच ऐकायला मिळतं, माझं दोनदा झालंय असं. ब्रेक पॅड बदलायला सांगितले तर जुना पॅड हातात घेऊन बघा, नवीन साधारण १० ते १२ मिमी जाड असतो, ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचाच, त्यात वाद नको. पण ७ मिमी शिल्लक असेल तर घाई कशाला हे नक्की विचारा. बॅटरीचं वेगळं, जुनी दिली तर तिचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून कमी होतात, ते बिलात दिसतायत का बघा.

"एस्टिमेटपेक्षा जास्त काम निघालं तर आधी फोटो आणि रेट व्हॉट्सॲपवर पाठवा, मी हो म्हटल्यावरच गाडी खोला", एवढं मेकॅनिकला स्पष्ट बोलून ठेवा. चांगला मेकॅनिक यावर अजिबात चिडत नाही, उलट गाडीखाली बोलावून स्वतः दाखवतो. पक्कं बिल घ्याच, पार्ट आणि लेबर वेगळं लिहिलेलं. फसवणूक झालीच तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, तिथे हेच कागद लागतात.