या चुका टाळा: मॅच हिस्टरी बघता, पण वाचता कुठे?

आठवड्यातून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा स्क्रीनशॉट येतो. केडी (किल भागिले डेथ) १.३, हेडशॉट ५४ टक्के, आणि खाली एकच ओळ: "दादा, रँक का हलत नाही?" नीट बघितलं तर स्क्रीनशॉटमध्ये जेमतेम सात मॅच असतात, आणि त्यातल्या दोन डेथमॅच, म्हणजे रँकशी संबंध नसलेल्या सरावाच्या. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी काउंटर-स्ट्राइक २ हा पाच विरुद्ध पाच बंदुकांचा गेम खेळतो, त्यामुळे उदाहरणं त्यातलीच जास्त आहेत. व्हॅलोरंट या तशाच गेममध्ये जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

डेमो "नंतर बघू" म्हणून सोडणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त राग आहे.

गेममध्ये "वॉच" टॅबखाली तुमच्या अलीकडच्या मॅच दिसतात आणि शेजारी डाउनलोडचं बटण असतं. स्टीमच्या (हा गेम ज्यावरून चालतो ते ॲप) प्रोफाइलमधल्या गेम डेटाच्या पानावर त्याहून लांब यादी मिळते: मॅप, स्कोअर, वेळ, पिंग, किल, डेथ. यादी जुन्या तारखांपर्यंत जाते, म्हणून माणसाला वाटतं की मॅचही तिथेच पडून आहे. तसं नसतं. मॅच म्हणजे डेमोची, म्हणजे रेकॉर्डिंगची, फाइल, आणि ती सर्व्हरवर थोडेच दिवस राहते. नंतर ओळ तेवढी उरते, डाउनलोड गायब होतं.

आमची पाच जणांची टीम आहे. एका छोट्या स्पर्धेआधी मिराज या मॅपवर आम्ही सारखे मार खात होतो. ठरलं की शनिवारी रात्री मागच्या सहा मॅच एकत्र बसून बघायच्या. डेमो जमवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी रुबाबात सांगितलं, "हिस्टरीत सगळं आहे, काळजी नको." शनिवारी सगळे व्हॉइसवर जमले, मी यादी उघडली, आणि सहापैकी एकच मॅच डाउनलोड झाली. तीही नेमकी आम्ही जिंकलेली. मग काय, उरलेल्या पाच मॅचवर आठवणीतून भांडण. आमचा ऑपर (एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक चालवणारा) म्हणे मॅपवरची कनेक्टर ही वाट मी मोकळी सोडतो, मी म्हणे तो पॅलेसच्या वाटेकडे बघतच नाही. दीड तास गेला. कोण बरोबर होतं हे आजही ठाऊक नाही. स्पर्धेत मिराजच आला आणि ४-१३ हरून घरी.

तेव्हापासून माझी सवय अशी: मॅच संपली की पुढच्या मॅचला क्यू लावण्याआधी डाउनलोड दाबायचं. मग फाइलची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात तारीख, मॅप आणि स्कोअर. जिंकलेल्या मॅच मी ठेवत नाही, त्या बघून फक्त छाती फुगते. आणि आठवड्याच्या आत बघतो, कारण गेमचा मोठा अपडेट आला की जुना डेमो चालेलच असं नाही. अख्खी मॅच बघायची गरज नसते. शिफ्ट आणि एफ२ दाबलं की डेमोची पट्टी येते, तिच्यावरून थेट हरलेल्या राउंडवर उडी मारता येते. मी तीनच राउंड बघतो. ज्यांना "एवढा वेळ कुणाला आहे" असं वाटतं, ते त्याच वेळात चौथी मॅच हरत असतात.

ट्रॅकर जोडला, पण जुन्या मॅच दिसत नाहीत

काउंटर-स्ट्राइकचा ट्रॅकर (तुमच्या मॅचचे आकडे काढून दाखवणारी साइट) जोडताना दोन कोड लागतात, आणि निम्मे लोक ते एकमेकांच्या जागी टाकतात. एक ऑथेंटिकेशन कोड, जो स्टीमच्या सपोर्ट पानावर तुम्ही स्वतः तयार करता. दुसरा मॅच शेअरिंग कोड, जो "सीएसजीओ" या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे पाच-पाच अक्षरांचे पाच गट असतात. पहिला म्हणजे परवानगी, दुसरा म्हणजे सुरुवातीची खूण.

गोम या दुसऱ्यात आहे. ट्रॅकर तुम्ही दिलेल्या कोडपासून पुढची मॅच विचारतो, मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. मागे जायची सोयच नाही. काल रात्रीच्या मॅचचा कोड दिलात तर हिस्टरी काल रात्रीपासूनच सुरू होणार. म्हणून हाताशी असलेला सगळ्यात जुना कोड द्या. तरी ज्या मॅचचा डेमो सर्व्हरवरून गेलाय तिथून आकडे निघणार नाहीत, कारण असे ट्रॅकर डेमो वाचूनच आकडे काढतात. म्हणजे फिरून तेच: आज जोडा, "रँक वाढल्यावर जोडू" नको. आणि मधेच सगळं थांबलं तर आधी तपासा की ऑथेंटिकेशन कोड तुम्हीच कधीतरी रद्द केला नाहीत ना. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत बहुतेक वेळा हेच निघालंय.

व्हॅलोरंटमध्ये कोडची भानगड नाही, पण रायट (व्हॅलोरंटची कंपनी) अकाउंटने साइन इन करून परवानगी दिल्याशिवाय ट्रॅकरवर तुमचं प्रोफाइल उघडत नाही. "माझं नावच सापडत नाही" यामागे सहसा एवढंच असतं.

किरकोळ, पण रोजच्या

"हिस्टरी उडाली!" उडाली नाही. व्हॅलोरंटमध्ये नवीन ॲक्ट, म्हणजे सीझनचा पुढचा भाग, सुरू झाला आहे आणि ट्रॅकर चालू ॲक्टच दाखवतोय. वरचा फिल्टर बदला.

रायट आयडी बदलला की जुन्या नावाने शोधून उपयोग नाही. स्टीमवर नाव रोज बदला, १७ आकडी स्टीम आयडी तोच राहतो, त्यानेच शोधा.

काउंटर-स्ट्राइकचे प्रीमियर आणि कॉम्पिटिटिव्ह हे दोन मोड एकत्र मोजू नका. प्रीमियरमध्ये एकच रेटिंग असतं, कॉम्पिटिटिव्हमध्ये प्रत्येक मॅपची रँक वेगळी. विंगमन तर दोघा-दोघांचा खेळ, तो यात आणूच नका.

मध्यरात्र ओलांडून खेळलात तर एकच बैठक दोन तारखांत तुटते. मी तारीख लिहितो ती बसलो तेव्हाची.

लॉबीत समोरच्यांच्या रँक दाखवणारं ओव्हरले (गेमच्या स्क्रीनवर वरून माहिती दाखवणारं ॲप) लावून मॅच सुरू व्हायच्या आधीच हरणारे पाहिले आहेत. काढून टाका.

केडीच्या प्रेमात पडणं

आमचा तोच ऑपर. केडी सदा १.३ च्या आसपास आणि हरलो की ठरलेलं वाक्य: "मी बावीस मारले, तुम्ही काय केलं?" महिनाभर ऐकून घेतलं. मग एका हरलेल्या मॅचचा डेमो त्याच्यासोबतच उघडला.

सातवा राउंड. आम्ही सीटी, म्हणजे बॉम्ब निकामी करणारी बाजू, बी साइटवर बॉम्ब लागलाय, आमचे दोन उरलेत, त्यांचे चार. ऑपरने लपून पुढच्या राउंडसाठी बंदूक वाचवायचं ठरवलं. गेममधल्या पैशांत ४,७५० डॉलरची बंदूक, वाचवणं चूक नाही. तो मार्केटच्या मागे जाऊन बसला. दुसरा बिचारा एकटा आत गेला आणि मेला. ४० सेकंद संपत आली, बॉम्ब फुटायच्या बेतात, समोरचे चौघे साइट सोडून पळाले, आणि आमच्या साहेबांनी त्यातले दोन टिपले. स्कोअरबोर्डवर दोन किल, शून्य डेथ. राउंड गेलेला.

पुढे मोजत गेलो. बावीसपैकी नऊ किल असे होते की राउंडचा निकाल त्याआधीच लागला होता. अशा किलला अगदीच किंमत नाही असं नाही, समोरच्याला बंदूक पुन्हा विकत घ्यावी लागते. पण त्याने राउंड जिंकला जात नाही. गंमत म्हणजे केएएसटीही (ज्या राउंडांत खेळाडूचा काहीतरी उपयोग झाला त्यांची टक्केवारी) त्याचा छान होता, कारण त्यात नुसतं जिवंत राहणंही मोजलं जातं. व्हॅलोरंटच्या एसीएसमध्ये (राउंडमागे सरासरी गुण) समोर जास्त जण जिवंत असतानाच्या किलला जास्त गुण मिळतात, म्हणून तिथे हे थोडं कमी लपतं. पूर्ण उघडं मात्र तिथेही पडत नाही.

तो पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "आठवा राउंड लाव."

माझ्या शीटमध्ये केडीचा कॉलम नाही. तीनच गोष्टी असतात: राउंडचा पहिला किल किंवा पहिली डेथ माझी होती का, निकाल लागायच्या आधीचे किल किती, आणि "का हरलो" याची एक ओळ. ही ओळ स्कोअरबोर्ड उघडायच्या आधी लिहायची. नंतर लिहिली की आकडे बघून दोष दुसऱ्यावर ढकलला जातो, मी स्वतः ढकलला आहे.

केडी मोजायचाच असेल तर निदान नीट मोजा. एका मॅचमध्ये ३० किल १० डेथ, दुसरीत ८ किल २० डेथ. लोक ३.० आणि ०.४ ची सरासरी काढून १.७ सांगतात. खरं म्हणजे ३८ भागिले ३०, म्हणजे १.२७. एडीआरचंही (राउंडमागे सरासरी डॅमेज) तेच: १५ राउंडांच्या मॅचमध्ये १२० आणि २४ राउंडांच्या मॅचमध्ये ७० असेल तर ९५ नाही, ८९ येतो. राउंडांनी गुणा, मग भागा.

दहा मॅचवरून निदान

बरोबर निम्म्या मॅच जिंकणारा खेळाडूसुद्धा कुठल्याही दहा मॅचमध्ये तीन किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता साधारण १७ टक्के असते. म्हणजे काहीही न बिघडता असा आठवडा येतोच. अशा आठवड्यात नवशिके सेन्सिटिव्हिटी बदलतात, क्रॉसहेअर बदलतात, माउस बदलतात, आणि पुढच्या दहा मॅच बऱ्या गेल्या की श्रेय माउसला. मी पन्नास मॅच होईपर्यंत काही बदलत नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. एका मॅपवरच्या चार मॅच बघून "हा मॅप मला जमत नाही" म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

पासवर्ड देऊन बसणं

ट्रॅकरला तुमचा पासवर्ड लागत नाही. लॉगिनची खिडकी उघडली की ती खरोखर स्टीमच्या किंवा रायटच्या पत्त्यावर आहे का, हे वरच्या पट्टीत अक्षर न् अक्षर वाचा. खिडकीच्या आत खिडकी दिसत असेल तर ती माउसने ब्राउझरच्या बाहेर ओढून बघा. खोटी खिडकी पानाच्या कडेला अडकते. "फुकट डीप ॲनालिसिस" असं कोणी मेसेजमधून पाठवलं तर दोनदा वाचा. आणि स्टीमचं वेब एपीआय कीचं (दुसऱ्या प्रोग्रामला तुमचं अकाउंट वापरू देणारी किल्ली) पान आज एकदा उघडा. तुम्ही स्वतः की बनवली नसेल तर ते रिकामं असायला हवं. तिथे की दिसली तर आधी ती रद्द करा, पासवर्ड बदला, बाकीच्या सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. मॅच हिस्टरी नंतर बघू.