घर पुढे, शेड मागे: दोन राउटर एकाच जोडणीवर

इचलकरंजीत मी सीसीटीव्ही आणि नेटची कामं करतो. इथं बऱ्याच ठिकाणी पुढे घर आणि मागे मागांची शेड. फायबरचा डबा (नेटच्या कंपनीचा राउटर) हॉलमध्ये, वायफाय शेडपर्यंत पोचत नाही म्हणून तिकडं दुसरा राउटर. मग तक्रारी सुरू: कॅमेरे दिसत नाहीत, लाइट जाऊन आली की प्रिंटर ऑफलाइन.

माझा नियम एकच. घरात आयपी पत्ते (नेटवरच्या प्रत्येक यंत्राचा नंबर) वाटणारा डबा एकच ठेवायचा. हे वाटपाचं काम डीएचसीपी करतं, आणि ते दोन्ही डब्यांत चालूच येतं. वर दोघांचा स्वतःचा पत्ताही पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो. म्हणजे भांडण ठरलेलंच.

दुसऱ्या राउटरला फायबरपासून सोडवा आणि लॅपटॉप केबलनं थेट त्याला जोडा. त्याच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) लॅन, म्हणजे आतल्या जाळ्याच्या, सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.१.२ करा, सेव्ह करा. राउटर रीस्टार्ट झाला की नव्या पत्त्यावर पान उघडा आणि मगच डीएचसीपी सर्व्हर बंद करा. क्रम उलटा केलात तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि पान उघडता उघडणार नाही. आता फायबरच्या डब्यातून आलेली केबल दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टात घाला; वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट (बाहेरून नेट आत घेणारं) रिकामं राहू दे. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (राउटर पत्ते न वाटता फक्त वायफाय पुरवतो) असेल तर एवढा खटाटोप नको, तो मोड निवडला की झालं.

आता डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) आणि प्रिंटर. यांचा पत्ता बदलता कामा नये. कित्येक जण डीव्हीआरमध्येच पत्ता टाइप करून ठेवतात. मला ते पटत नाही. उद्या नेटची कंपनी बदलली, नवा डबा १९२.१६८.०.१ चा आला, की प्रत्येक यंत्रापाशी जाऊन बसावं लागतं. त्यापेक्षा फायबरच्या डब्यात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ (ठरावीक यंत्राला नेहमी तोच पत्ता देण्याची नोंद) शोधा. कुठं त्याला ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ म्हणतात. डीव्हीआरच्या पोटावरच्या स्टिकरवर बारा अक्षरी मॅक पत्ता (यंत्राची कारखान्यातून आलेली ओळख) असतो, स्टिकर धुळीनं पुसलं असेल तर जोडलेल्या यंत्रांच्या यादीत बघा. त्या मॅकसमोर, समजा, १९२.१६८.१.१५० लिहा, सेव्ह करा, डीव्हीआर बंद-चालू करा. मोबाइलसाठी हेच करायचं असेल तर त्यातला ‘रँडम मॅक’ (खऱ्याऐवजी बनावट मॅक दाखवणं) आधी बंद करा, नाहीतर नोंद चुकीच्या मॅकवर बसते.

काही मालक म्हणतात, कामगारांचे फोन घरच्या नेटपासून वेगळे पाहिजेत, शेडच्या राउटरला १९२.१६८.२.१ देऊन केबल वॅनमध्ये लावा. तसं चालतं, पण हेतू साधत नाही. शेडमधला फोन घरच्या प्रिंटरपर्यंत आरामात पोचतो; अडतं ते उलट दिशेला, घरातून शेडमधला डीव्हीआर दिसत नाही. तो दिसायला फायबरच्या डब्यात स्टॅटिक राउट (शेडच्या पत्त्यांकडे कुठून जायचं याची कायमची नोंद) घालावा लागतो: डेस्टिनेशन १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे शेडच्या राउटरचा वॅनचा पत्ता (त्याचंही रिझर्व्हेशन करा). शिवाय शेडच्या राउटरमधलं नॅट (आतली सगळी यंत्रं राउटरच्या एकाच पत्त्यामागे लपवणारी सोय) बंद करून फायरवॉलमधून वाट द्यावी लागते, आणि स्वस्त राउटरमध्ये ही सोय बहुधा नसतेच. फोनच वेगळे ठेवायचे असतील तर गेस्ट वायफाय बरं. मात्र अ‍ॅक्सेस पॉइंट केलेल्या राउटरवर ते खरंच वेगळं राहतं का, हे गेस्टवरच्या फोनवरून डीव्हीआरचं पान उघडून बघा.

बाहेरगावाहून कॅमेरे बघायला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी डीव्हीआरकडे वळवणं) करण्याआधी डब्याच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तो कंपनीच्या आतल्या जाळ्यातला पत्ता आहे, बाहेर दिसणारा पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत मिळून एकच असतो, आणि फॉरवर्डिंगचा उपयोग नाही. जादा पैसे भरून कंपनीकडून स्वतःचा पब्लिक आयपी घ्या, नाहीतर डीव्हीआरच्याच अ‍ॅपमध्ये क्यूआर कोड स्कॅन करा.