नमुना घेण्याआधी लाइन धुऊन घ्या

सॅम्पल व्हॉल्व्ह (कारखान्यात तपासणीसाठी नमुना काढायची तोटी) उघडला की पहिल्यांदा बाहेर येतो तो पाइपमध्ये अडकून राहिलेला जुना माल. तोच बाटलीत भरला तर लॅबचा रिपोर्ट कालच्या बॅचचा येतो आणि आपण आजची बॅच पास करून मोकळे होतो. म्हणून आधी हिशोब करा: लाइनचा, म्हणजे व्हॉल्व्हपर्यंतच्या पाइपचा, आतला व्यास 6 मिमी आणि लांबी 10 मीटर असेल, तर त्या लाइनमध्ये साधारण 280 मिली द्रव असतो. निदान त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे 850 मिली, वाहून जाऊ द्या आणि मगच बाटली लावा. घाईत नेमकं हेच राहून जातं.

हे धुवण उघड्या बादलीत मात्र कधीही सोडू नका. ज्वलनशील किंवा विषारी माल असेल तर ते बंद ड्रेनमध्ये किंवा परत प्रोसेसमध्येच गेलं पाहिजे. अशा मालाची बाटली काठोकाठ भरू नका, तापून द्रव फुगला तर झाकण उडतं. वर पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन तपासायचा असेल तर नेमकं उलट: एकही बुडबुडा आत राहता कामा नये.

लेबलवर तारखेसोबत वेळ आणि व्हॉल्व्हचा नंबर तिथेच, व्हॉल्व्हजवळ उभं राहून लिहा.